स्टिअरिंगवरचं फडकं

८ नोव्हेंबर

भोंग्या,

तुझं पत्र मिळालं. कंपनीच्या कागदावर, खाली पूर्ण नावाची सही. जणू मी तुझ्याकडे नोकरीच मागितली होती. वाचलं, परत वाचलं, आणि पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलं, म्हणजे बाबांच्या हाती लागणार नाही.

तर तुझं म्हणणं एवढंच, की मार्चमध्ये जहाजावरून उतरलास की बाबांना घेऊन जाणार आणि तुझ्या घराजवळच्या त्या वृद्धांच्या संस्थेत ठेवणार. जागा धरून ठेवली आहेस म्हणे, हॉटेलात खोली धरतात तशी. आणि कारण काय, तर माझं घर गाडीवर चालतं, गाडी सारखी कुठेतरी आडवी होते, मी तिच्यामागे पळते, मग बाबांकडे बघणार कोण? 'आधी गाडी नीट चालवून दाखव, मग बोलू.' बरं. दाखवते. मार्चला अजून अवकाश आहे.

फोन का उचलत नाहीस म्हणून विचारलंस. फोनवर तू ओरडतोस आणि मी रडते. त्यात जहाजावरून आवाज तुटत तुटत येतो, त्यामुळे तुझं ओरडलेलं तेवढं नेमकं ऐकू येतं. कागद बरा.

आधी गाडीचं ऐक. सकाळी गार असताना सेल्फ मारून मारून हात दुखतो. हीटर प्लग सगळे बदलले, डिझेल फिल्टर बदलला, बॅटरी नवी घातली. आता सुरू होते, पण सुरू झाली की मागून निळा धूर, इतका की समोरच्या दुकानदारानं परवा मला बघून शटर खाली ओढलं. आणि ऑइल पिते. जिन्याखाली डब्यांचा खोका आणून ठेवते, तो बघता बघता रिकामा होतो. तू जहाजाच्या पोटातलं एवढं मोठं इंजिन सांभाळतोस, तर सांग हे काय असेल. भांडण बाजूला ठेवून सांग.

तरी मी तेव्हाच म्हटलं होतं. पाववाल्यानं विकलेली व्हॅन, मीटरवर किलोमीटर अगदी बेताचे, आणि क्लचच्या पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत. मीटर मागे फिरवता येतो, पेडल नाही फिरवता येत. पण साहेबांना फोटोतला रंग आवडला! आता इन्शुरन्स, पासिंग, टायर सगळं माझ्या माथी आणि गाडी तुझ्या नावावर. मजा आहे.

आता बाबा. बाबा ठणठणीत आहेत. जेवतात, झोपतात, पेपर वाचतात. गेल्या सुट्टीत तू चार लोकांदेखत त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतलीस आणि 'बाबा, आता तुमच्याच्यानं होत नाही' म्हणालास. त्यानंतर ते कितीतरी दिवस खिडकीपाशी नुसते बसून होते. तुला काय माहीत, तू तर निरोपसुद्धा न घेता निघून गेलास. शेवटी मीच त्यांना काम दिलं. म्हटलं, बाबा, गाडी मी चालवते, पण सकाळचं ऑइल तुम्ही बघायचं. माणूस उठून बसला रे! माझ्या आधी उठून खाली जातात, बॉनेट उघडतात, ऑइलची पट्टी काढून पुसतात, बघतात, आणि ते फडकं स्टिअरिंगवर अडकवून ठेवतात. ट्रक चालवायचे तेव्हाचीच रीत. फडकं दिसलं म्हणजे ऑइल बघितलंय, बसा आणि निघा. मी फडकं काढते, सीटखाली टाकते आणि हॉस्पिटलच्या चादरींचे गठ्ठे लाँड्रीत न्यायला निघते.

परवा खिडकीत हात ठेवून म्हणाले, "क्लीनर, गाडी तयार आहे." किती वर्षांनी ऐकलं! तू रडायला लागलास की ट्रकचा हॉर्न परवडला म्हणून तू भोंग्या, आणि मी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्या शेजारी बसून काच पुसायचे म्हणून मी क्लीनर. तोंड फिरवलं आणि सेल्फ मारला.

ह्या माणसाला संस्थेत ठेवायचं? डोंबल!

तुझी बहीण (अजून आहे)


२ डिसेंबर

भोंग्या,

सही पुन्हा पूर्ण नावाचीच. पण गाडीचं तेवढं नीट समजावून लिहिलंस, म्हणून ह्या वेळी माफ.

तू लिहिलंस तसं केलं. हवेचा पाइप काढला, आत बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट आणि चिकट होऊन बाहेर आलं. म्हणजे तुझंच खरं, तो इंजिनात हवा कोंबणारा पंखा, टर्बो, त्याचं सील गेलंय आणि ऑइल हवेबरोबर इंजिनात जाऊन जळतंय. आपल्या फिटरला दाखवलं. तोही म्हणाला, ऑइल पीत असेल आणि निळा धूर असेल तर टर्बो उघडायलाच हवा. नव्याची किंमत ऐकून मी खाली बसले. रिपेअर केलेला बसवला. तोही काही फुकट आला नाही, शिलाई मशीन गेलं. तसंही ते पडूनच होतं. गाडी जाग्यावर होती तेवढे दिवस गठ्ठे भाड्याच्या टेम्पोनं नेले, लाँड्रीच्या मॅनेजरला कळूही दिलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात गेली. फिटर पट्टी बघून म्हणतो कसा, "ताई, ऑइल कोण घालतं? खुणेच्या बरंच वर आहे. एवढं नसतं भरायचं. जास्त झालं तरी ते हवेच्या पाइपात चढतं." मी म्हटलं, माझे वडील बघतात, आणि तू रांगत होतास तेव्हापासून ते ट्रक चालवतायत. मग त्यानं वरचं ऑइल काढून खुणेवर आणलं आणि गाडी ताब्यात दिली. आता कसली पळते म्हणून सांगू! धूर नाही, काही नाही. चढावर चौथ्या गिअरमध्ये गेली.

बाबा मजेत. मध्ये एकदा फिरायला जरा लांब गेले होते, शेजारीण बाजारातून येताना भेटली तिच्याबरोबर परत आले. गप्पांत रमले असतील. शेजारणीला एकाचं दहा करून सांगायची सवय आहे, ती तुझ्या बायकोला फोनवर काही बोलली असेल तर मनावर घेऊ नकोस.

आणि हो, गॅसची शेगडी मी बदलून घेतली. जुनी झाली होती, दुसरं काही नाही.

तुझी बहीण


२९ डिसेंबर

भोंग्या,

धूर परत आला.

लिहिणार नव्हते. पण तुझ्याशिवाय विचारू कोणाला? टर्बो बदलला, सील नवं, पाइप धुऊन बसवला, आणि तरी सकाळी गाडी सुरू झाली की सगळी गल्ली निळी. डब्यांचा खोका परत संपत आलाय. परवा हॉस्पिटलच्या फाटकात चढताना इंजिन आपोआप जोरात पळायला लागल्यासारखं झालं. मी पाय काढला होता, तरी ते क्षणभर स्वतःच्या मनानं ओढत राहिलं आणि मग बसलं. लाँड्रीचा मॅनेजर धूर बघून म्हणाला, "बाई, धुतलेल्या चादरींना डिझेलचा वास येतोय अशी तक्रार आली तर मी दुसरी गाडी लावणार." तक्रार आलेली नाही अजून. पण त्याचा काय नेम?

फिटरशी माझं वाजलं. मी म्हटलं, तू जुनाच टर्बो धुऊन परत बसवलास. तो म्हणाला, "ताई, पट्टी काढा, आत्ता माझ्यासमोर काढा. ऑइल परत वर असणार." मी काढली नाही. लोकांसमोर माझ्या बापाची परीक्षा घ्यायची? गाडी काढली आणि आले. आता त्याच्याकडे पाऊल टाकणार नाही.

आणि तूही तेच विचारावंस! 'ताई, पट्टी तू स्वतः बघितलीस का?' फडकं स्टिअरिंगवर असतं ना रे! बाबांनी बघितलेलं मी परत बघू? विसरलास का? लहानपणी ट्रकमधून जाताना घाटात चहाला थांबलो होतो, फडकं वर होतं, तरी तू शहाणपणा करून पट्टी काढलीस. बाबा नुसते म्हणाले, "भरवसा नसेल तर उतर," आणि तो सगळा प्रवास तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तू सगळा रस्ता भोकाड पसरून बसलास. मला ते अजून आठवतं. मी नाही काढणार.

शेजारणीनं तुझ्या बायकोला जे सांगितलं त्याबद्दल. चपला घातल्या नव्हत्या, हे खरं आहे. घर कुठलं ते सांगता येत नव्हतं, हे तिचं तिखटमीठ. थंडीत माणूस गोंधळतो. तुला पाणी मागायला जाऊन स्वयंपाकघरात कशाला आलो ते आठवत नाही असं कधी होत नाही?

हल्ली मी त्यांना गाडीतून बरोबर नेते. घरी करमत नाही त्यांना. शेजारच्या सीटवर बसून रस्ता बघतात, मी गिअर उशिरा टाकला की टाळूला जीभ लावून 'चक्' करतात. आहेत की नाही तसेच? मग!

मार्च मार्च लिहून मला भीती घालू नकोस.

तुझी बहीण


१८ जानेवारी

भोंग्या,

घाईघाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सोडून दे. पण आधी हे सांगते, की आम्ही दोघंही धड आहोत. आणि तुझ्या बापानं आज माझा जीव वाचवलाय. आता वाच.

आज दुपारी लाँड्रीच्या आवारात गाडी मागे घेऊन ओट्याला लावली. मागचे दोन्ही दरवाजे उघडे, ओट्यावर बायका गठ्ठे मोजून घेत होत्या. बाबा शेजारी. मी किल्ली फिरवली, बंद करायला. बंद झालीच नाही. उलट आवाज चढला. मला वाटलं किल्ली नीट फिरली नाही. परत फिरवली, काढून हातात घेतली. किल्ली माझ्या मुठीत आणि इंजिन चालूच! नुसतं चालू नाही, चढतंय. पाय कशावरही नाही, आणि ते चढत चढत असं किंचाळायला लागलं की गाडी जागच्या जागी थडथडायला लागली. मागून पांढरानिळा धूर, इतका की ओटा दिसेना. धुरातून बायकांचा आरडाओरडा. कोणीतरी ओरडलं, "फुटणार! पळा!" वॉचमन फाटक सोडून पळाला.

भोंग्या, मी तशीच बसले होते. हातात किल्ली घेऊन. मला काही म्हणजे काही सुचेना. डिझेल बंद केल्यावर गाडी कशावर चालते, हेच डोक्यात घोळत होतं. पाचावर धारण बसली म्हणतात ना, ती काय असते ते आज कळलं.

तेवढ्यात बाबांनी माझ्या दंडाला धरून हिसका दिला. "उतर! सरक बाजूला!" तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी दरवाजा उघडून खाली पडलेच जवळजवळ. आणि तो माणूस, ज्याला जिना उतरायला कठडा लागतो, तो गिअरवरून पाय टाकून ड्रायव्हरच्या सीटवर आला. हँडब्रेक ओढला. ब्रेकवर उजवा पाय, अक्षरशः उभा राहिला त्यावर. क्लच दाबला, गाडी सगळ्यात वरच्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडून दिला. गाडीनं पुढे एकच झेप घेतली, मागे बसली, आतून काहीतरी कडाडलं, जळक्या क्लचचा वास सुटला, आणि इंजिन मेलं.

शांत झालं सगळं. इतकं शांत की कपड्यांच्या मशीनचा आवाज ऐकू यायला लागला. ओट्यावर कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

इंजिन आपलंच ऑइल पिऊन पळत होतं, हे मला आता समजलं. अशा वेळी किल्लीचा उपयोग नसतो, तिला गिअरमध्ये घालून दाबून मारावं लागतं. तुला माहीत असेल. मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. ज्यांना तू संस्थेत पाठवायला निघालास, त्यांना!

मॅनेजरनं पाणी दिलं. बाबा पाणी प्यायले, फडक्यानं हात पुसले, फडकं स्टिअरिंगवर अडकवलं.

आता सांग, कोणाच्याच्यानं होत नाही?

ताई


२१ जानेवारी

भोंग्या,

तीन दिवसांपूर्वीचं पत्र पोस्टात टाकलंय, ते परत मागता येणार नाही. त्यात खोटं काही नाही. पण पुढचं मी लिहिलं नाही. आज लिहिते.

इंजिन बंद झाल्यावर बाबा खाली उतरले. माझ्यासमोर आले. मी त्यांच्या गळ्यात पडणार तेवढ्यात ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तुझ्या घरी कोणी मोठं माणूस नाही का? असली गाडी देऊन एकटीला पाठवतात?" रागानं नाही, अगदी काळजीनं. रस्त्यात अडकलेल्या कोणा परक्या बाईला विचारावं तसं. मी म्हटलं, "बाबा, मी." ते "हो हो" म्हणाले, माणूस ओळखू आला नाही की आपण म्हणतो ना, तसं. मग वॉचमनला विचारायला गेले, आमची क्लीनर इथंच होती, कुठे गेली? वेणी घातलेली, एवढीशी. हातानं उंची दाखवली. वॉचमन माझ्याकडे बघायला लागला.

घरी येईपर्यंत त्यांना सगळं परत आलं होतं. "क्लीनर, आज गाडी कुठे गेली आपली?" असं विचारलंसुद्धा. पण मला आता ते पुरेना.

गाडी ओढून न्यायला मी त्याच फिटरला बोलावलं. कुठल्या तोंडानं बोलावलं ते विचारू नकोस. आला बिचारा. गॅरेजात गाडी वर घेतली, ऑइलच्या चेंबरचा नट सोडला आणि खाली घमेलं लावलं. ऑइल आलं. येतच राहिलं. घमेलं भरलं, त्यानं दुसरं लावलं, तेही भरत आलं. एवढं जळून गेल्यावर उरलेलं हे! आणि काळं नाही रे. डब्यातून ओतावं तसं ताजं. फिटरनं माझ्याकडे बघितलं नाही. वाकून घमेल्याकडेच बघत राहिला, हे त्याचे माझ्यावर उपकार आहेत. मी त्याला म्हटलं, "चुकलं माझं. तुला चोर ठरवलं." तो म्हणाला, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं, ताई." बस्स, एवढंच.

घरी येऊन शोधलं. न्हाणीघरातल्या पिंपामागे रिकामे डबे, टोपणं घट्ट लावून एकावर एक रचलेले. गाडी ऑइल पीत नव्हती. गाडीला पाजलं जात होतं. त्यांचा जुना ट्रक रोज ऑइल मागायचा, आठवतं? रोज सकाळी थोडं ओतल्याशिवाय निघायचाच नाही. त्यांच्या डोक्यात ही गाडी तोच ट्रक आहे. पट्टी बघतात, थोडं ओततात, फडकं अडकवतात. मी फडकं काढून फेरी मारून आले की कधी कधी परत खाली उतरतात. फडकं दिसत नाही, म्हणजे अजून बघायचं राहिलंय. परत ओततात. आपल्या घरच्या रितीनं अगदी बरोबर वागतात बघ! फडकं आहे म्हणून मी बघितलं नाही, आणि फडकं नाही म्हणून त्यांनी परत ओतलं. टर्बो चांगलाच होता, पहिलासुद्धा चांगला असेल. शिलाई मशीन उगाच गेलं.

मला माहीत होतं का? विचारशीलच तू. शेगडी का बदलली? कारण ती चालू राहिली होती, पेटवलेली नाही, नुसता गॅस. दाराला वरून कडी का लावते? त्यांना गाडीतून बरोबर का नेते? करमत नाही म्हणून? मग पट्टी का नाही काढली? नुसतं दोन बोटांनी ओढायची होती. फिटरनं सांगितलं, तू सांगितलंस. मला वाटायचं, मी पट्टी काढली आणि ऑइल वर दिसलं, तर तुझं खरं होईल. मग मार्चमध्ये तुला अडवायला माझ्याकडे काही उरणार नाही. म्हणून मी ओटाभर बायकांसमोर तो बाँब नेऊन लावला. रडायला येतं आणि रागही येतो, स्वतःचा, तुझा, त्यांचासुद्धा. त्यांचा राग येतो म्हणून परत रडायला येतं.

इंजिनाचं मोठं काम निघालंय. पिस्टन वितळलाय, रॉड वाकलाय, क्लच प्लेट जळलीय. फिटर म्हणतो, एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात द्या. गाडी तुझ्या नावावर आहे. तू ठरव.

बाबांचंही तूच ठरव. गाडी नीट चालवून दाखव म्हणाला होतास. नाही दाखवू शकले. मी आता भांडणार नाही. फक्त एक ऐक. तिथे बसून कागदावर ठरवू नकोस. इथे ये, दोन सकाळी त्यांच्याबरोबर खाली उतर, आणि मग काय ते ठरव. माझ्या एकटीच्यानं आता हे होत नाही. बघ, तुझंच वाक्य. तेव्हा किती लागलं होतं मला, आणि आज मीच लिहितेय.

ताई


२४ फेब्रुवारी

भोंग्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच ती, पत्र कसलं! 'इंजिन भंगारात देऊ नकोस. उतरवून ठेव, कोणाला हात लावू देऊ नकोस, मी येऊन उघडतो. संस्थेला जागा नको म्हणून कळवलंय. लांब सुट्टी मागितलीय. बायकोशी बोललोय, वरची खोली रिकामी कर.' आणि खाली सही, 'भोंग्या.' मी ती सही शेजारणीला दाखवून आले. तिला काही कळलं नाही, तरी म्हणाली छान आहे.

इतके दिवस मी नेट लावून उभी होते रे. तुझी चिठ्ठी वाचली आणि जमिनीवर बसूनच राहिले.

खोली रिकामी केली. लाँड्रीच्या मॅनेजरनं कंपनीची गाडी चालवायला दिलीय, सकाळच्या फेऱ्या. तेवढा वेळ शेजारीण बाबांजवळ बसते. तिखटमीठ लावते, पण बसते. तिच्याबद्दल मी लिहिलेलं तिला सांगू नकोस. फिटरनं इंजिन काढून दिलं आणि व्हॅन ढकलून आपल्या दारात आणून लावली. इंजिन जिन्याखाली, जिथे डब्यांचा खोका असायचा तिथे, ताडपत्रीखाली आहे. खर्चाचं तुझं तू बघ. ह्या वेळी मी पेडलचं रबर बघून पार्ट घेणार, फोटो बघून नाही.

आता येण्याआधी थोडं समजून घे, म्हणजे दारातच धक्का बसणार नाही. बाबा तुला ओळखतील की नाही, सांगता येत नाही. काही दिवस मला ओळखतात, काही दिवस शेजारीण समजतात. तू त्यांना 'मी कोण सांगा बघू' असं विचारू नकोस, त्यांना ओशाळल्यासारखं होतं. गाडीबद्दल विचार. गाडीबद्दल सगळं आहे त्यांच्याकडे.

आणि सकाळी ते खाली गेले तर जाऊ दे. फडकं अडकवलं की 'झालं का बाबा' म्हणायचं, आणि त्यांच्यासमोर पट्टीला हात लावायचा नाही. ते आत गेले, चहाला बसले, की मग हळूच जाऊन स्वतः काढून बघायची. इंजिन चढवशील तेव्हा हे लक्षात ठेव. रोज बघायची, फडकं असो वा नसो. मला हे शिकायला फार महाग पडलं.

आज सकाळचं सांगते आणि संपवते. मी फेरीला निघत होते. बाबा फडकं घेऊन व्हॅनपाशी गेले, बॉनेट उघडलं. आत काहीच नाही, नुसती मोकळी जागा, खाली रस्ता दिसतो. कितीतरी वेळ बघत उभे राहिले. पट्टी जिथे असायची तिथे हात नेला, परत घेतला. मला वाटलं आता घाबरतील, म्हणून पुढे झाले. त्यांनी बॉनेट हळूच लावलं, फडकं घडी करून स्टिअरिंगवर अडकवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, माझी क्लीनर दिसली तर सांगाल का तिला? म्हणावं, ऑइल मी बघितलंय. घाबरू नकोस, नीघ."

मी म्हटलं, सांगते.

लवकर ये रे.

क्लीनर